हात चांगला आहे, ब्रेक लागत नाही

माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढे आहे. पूर्व भाग माहीत असलेल्याला माझे पेशंट कोण हे वेगळं सांगायला नको. विड्या वळून अंगठ्याची शीर धरलेल्या बायका, यंत्रमागावर उभं राहून राहून कंबर गेलेले कामगार आणि गड्डा यात्रेच्या तोंडावर नंदीध्वज पेलायच्या सरावात पाठ लचकलेला एखादा भक्त. मोटरसायकलचा विषय निघाला तर तो अपघाताच्या संदर्भातच. त्यामुळे हा पोरगा "मी रेसर आहे" म्हणाला तेव्हा मी आधी प्लास्टर कधी काढलं तेच विचारलं.

"प्लास्टर नाही हो मॅडम. हाताला काहीच झालेलं नाही. पण चौथ्या लॅपनंतर ब्रेक लागत नाही."

"मग मेकॅनिककडे जा ना."

"ब्रेक चांगलाय. बोटं मिटत नाहीत."

बावीस वर्षांचा, काटक, डांबरावर नाही तर मातीत पळणारा. डर्ट ट्रॅक, सुपरक्रॉस, म्हणजे मातीचे ढिगारे उड्या मारत पार करायच्या शर्यती. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवतात. पुण्याला एका टीमची ट्रायल महिन्याभरावर आली होती. सोबत फाइल होती. मानेचा एमआरआय नॉर्मल, नसांची तपासणी नॉर्मल, रक्त नॉर्मल. कुणीतरी मानेचे व्यायाम दिले होते, ते त्याने इमानदारीने केले होते. दुसऱ्या कुणीतरी "मनातली भीती आहे" असं सांगितलं होतं, ते मात्र त्याला लागलं होतं. वीस फूट लांब उडी मारणाऱ्याला भीती वाटते म्हणून बोटं मिटत नाहीत, हे मलाही पटेना.

मी तपासलं. मनगट, कोपर, खांदा, सगळं मोकळं. मुंग्या नाहीत. पकड मोजायच्या यंत्रावर उजवा हात 48 किलो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना स्वप्नात मिळणार नाही असा हात. मग मी विचारलं, व्यायाम काय करतोस? त्याने खिशातून स्प्रिंगचा हँड ग्रिपर काढला. बसमध्ये, टीव्हीपुढे, जेवून झाल्यावर, सतत दाबत असायचा. वर मनगटाचे डंबेल्स. हात कमी पडतोय असं वाटलं की तो हात वाढवायचा. फोरआर्म, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, अंगाच्या मानाने भलताच जाड झालेला.

तिथे माझी ट्यूब पेटली. रेसरच्या भाषेत याला 'आर्म पंप' म्हणतात. फोरआर्ममधले स्नायू गठ्ठ्यागठ्ठ्याने एका पातळ पण चिवट आवरणात बांधलेले असतात, त्याला फॅशिया म्हणतात. जोराचं काम सुरू झालं की स्नायूंत रक्त भरतं आणि त्यांचं आकारमान वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. आवरण मात्र ताणत नाही. घट्ट खोळीत जादा कापूस कोंबल्यावर होईल तसं आतल्या आत दाटतं. दाब वाढतो, रक्त आत येतं पण बाहेर पडायला अडतं, नसा चेपतात. हात दुखतो, बधिर होतो, बोटं ऐकेनाशी होतात. काम थांबवलं की थोड्या वेळात सगळं पूर्ववत. म्हणून क्लिनिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसात काही सापडत नाही. एमआरआयच्या मशीनमध्ये तर तो निवांत झोपलेलाच असतो.

"मॅडम, क्वार्टारारोला झालं होतं तेच का?" त्याने मोबाइल पुढे केला. त्याला नाव माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. 2021 मध्ये स्पेनच्या हेरेझला फाबिओ क्वार्टारारो मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेच्या, शर्यतीत पहिला होता, हात गेला आणि तेरावा आला. लगेच ऑपरेशन करून घेतलं, दोन आठवड्यांनी फ्रान्सच्या ल मांला तिसरा, आणि वर्षअखेर जगज्जेता. पोराला अर्थातच ऑपरेशन हवं होतं. मी त्याला मोटोजीपीच्याच दानी पेद्रोसाचीही गोष्ट सांगितली. 2015 च्या मोसमात पहिल्याच शर्यतीनंतर त्याने हात उघडून घेतला, पुढच्या तीन शर्यती घरी बसला, आणि त्याचं हे पहिलं ऑपरेशन नव्हतं. फॅशिया कापून मोकळा करतात, पण जखम भरताना तो पुन्हा घट्ट होऊ शकतो. पेद्रोसा त्याच वर्षी जपान आणि मलेशियात जिंकला, तेही खरंच. पण त्याच्यामागे होंडाची अख्खी फॅक्टरी टीम होती. याच्यामागे एक मिस्त्री आणि एक छोटा हत्ती.

बसलेला हात मला काही सांगणार नव्हता. रविवारी सकाळी मी ट्रॅकवर गेले.

मंगळवेढा रोडला शहराबाहेर कुणाच्या तरी पडीक रानात पोरांनी जेसीबी लावून ट्रॅक केलाय. ढिगारे, वळणांना मातीचे बांध, एक लांबलचक टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट ढिगारा, जो एका उडीत पार करायचा. मार्चची सकाळ, साडेआठलाच ऊन चटचटायला लागलेलं. पकड मोजायचं यंत्र पिशवीत घेऊन मी एका बाभळीखाली उभी राहिले. आजूबाजूची पोरं "कोण आलंय बे?" म्हणून बघत होती. त्याच्या मिस्त्रीने, सगळे त्यांना चाचा म्हणतात, माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि खुर्चीबरोबर मतही दिलं: "मॅडम, पोरगं रात्री झोपत नाही, दुसरं काही नाही."

पहिले दोन लॅप बघून मला हात विसरायला झालं, इतका सुंदर पळत होता. तिसऱ्या लॅपपासून मी फक्त त्याचे गुडघे बघायला लागले. गाडी टाकीपाशी गुडघ्यांनी आवळून धरायची असते, म्हणजे धक्के पाय झेलतात आणि हात फक्त गाडी वळवायला उरतात. याचे गुडघे उघडे. प्रत्येक उडीनंतर सगळं शरीर हँडलला लटकत होतं. कोपरं खाली पडलेली. उजव्या हाताकडे तर ॲक्सिलरेटर पण आणि पुढचा ब्रेक पण. साडेचार मिनिटांनी टेबलटॉपच्या आधी तो हळू झाला, उडी सोडून दिली, बाजूने गाडी घेतली आणि सरळ आमच्याकडे आला. पाय टेकवून थांबला, पण उतरेना.

"पट्टा काढा," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांतून ओवलेला असतो, डोळे मिटून सुटतो. याची बोटं हँडलवर होती त्याच वळणात अडकली होती. पट्टा मी काढला. ग्लोव्ह ओढून काढताना तो कळवळला. फोरआर्मवर अंगठा दाबून बघितला, रुतेचना. शिरा तट्ट फुगलेल्या, वरची कातडी चकाकत होती. यंत्र हातात दिलं: 21 किलो. सकाळी इथेच, गाडीवर बसायच्या आधी, 47 होतं. मी चाचांना आकडा दाखवला. ते काही बोलले नाहीत, स्वतःच्या हाताने त्याचा हात दाबून बघितला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

पंधरा मिनिटांनी 39. अर्ध्या तासाने पोरगा भडंग खात बसला होता, हात नॉर्मल. मानेचा एमआरआय काढणाऱ्यांना हे कसं दिसणार?

पुढचा तास माझ्या नोकरीतल्या सगळ्यात मजेशीर तासांपैकी. चाचांनी मला गाडी समजावली, मी त्यांना हात समजावला. ब्रेकचा लिव्हर जवळजवळ आडवा होता, त्यामुळे उभं राहून चालवताना मनगट वर वाकलेलं राहायचं. तो खाली फिरवला. लिव्हर बोटांपासून लांब होता, स्क्रू फिरवून जवळ आणला. क्लचची केबल मी स्वतः दाबून बघितली आणि माझाच अंगठा दुखला. "नवीन टाकतो," चाचा म्हणाले, "ही दोन सीझन जुनी." ग्लोव्ह एक साइज छोटे निघाले. स्टाइल म्हणून.

आणि ग्रिपर मी जप्त केला. आधीच दाटलेल्या जागेत आणखी स्नायू भरत होता बिचारा. त्याऐवजी मांड्यांचे, पोटाचे व्यायाम दिले, दोन गुडघ्यांत बॉल दाबून अर्धं बसायचं. शर्यतीआधी पंधरा मिनिटं हलकं वॉर्मअप, कारण थंड हाताने स्टार्ट गेटवर उभं राहून पहिल्याच झटक्यात जीव खाऊन पकडलं की पंप लवकर चढतो. वॉर्मअप करताना त्याला लाज वाटायची. गेटवर उड्या मारत बसलं तर बाकीची पोरं हसतात म्हणे.

वडील एका संध्याकाळी आले. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने फार मोठ्याने बोलतात. व्यायामाबद्दल अवाक्षर नाही. "मॅडम, हे काम म्हणून किती वर्षं चालतं?"

काय सांगणार? मोटोजीपीतला रॉसी बेचाळिसाव्या वर्षी थांबला. केसी स्टोनर दोन वेळा जगज्जेता होऊन सत्ताविसाव्या वर्षी घरी गेला. पण ती युरोपातली गणितं. आपल्याकडे एकतर स्वतःच्या खिशातून पळायचं, टायर, पेट्रोल, एंट्री फी, फेडरेशनचं लायसन्स, तुटलेलं सगळं आपलं. नाहीतर एखाद्या कंपनीच्या टीमने उचलायचं. मधला रस्ता फार बारीक. 2024 मध्ये पुण्यात सुपरक्रॉसची लीग सुरू झाली तेव्हा या पोरांना वाटलं होतं, आता आपलं काहीतरी होणार. केरळच्या हरिथ नोआने त्याच वर्षी वाळवंटातल्या डकार रॅलीत रॅली-2 हा वर्ग जिंकला, आणि तोही मुळात सुपरक्रॉसचाच. हे मी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "त्याचे वडील काय करतात?" मला उत्तर देता आलं नाही. मग तेच म्हणाले, "मागावर माझी पण बोटं अशीच धरतात. मी कधी कुणाला दाखवली नाहीत." मी हात पुढे करायला सांगितला, तर "माझं राहू द्या, पोराचं बघा" म्हणून उठले.

ट्रायलला तो आठ मिनिटं पूर्ण पळाला. शेवटच्या लॅपला हात भरला होता, पण ब्रेक लागत होता. टीमने घेतलं नाही. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरगा घेतला. याला पुढच्या वर्षी या म्हणाले, आणि ते सगळ्यांनाच म्हणतात. नाराज होता, पण माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच हाताबद्दल न बोलता सस्पेन्शनबद्दल बोलत होता.

ऑपरेशन आम्ही तूर्त बाजूला ठेवलंय. सीझन संपला की एका सर्जनकडे दाब मोजून घ्यायचा आहे, गाडी चालवण्याआधी आणि लगेच नंतर, स्नायूत सुई घालून. थांबल्यावर एका मिनिटाने पारा 30 मिलिमीटरच्या वर राहिला तर पुढचा विचार करू. चाचांच्या मते सगळा फरक नव्या क्लच केबलने पडला. त्याच्या आईच्या मते सिद्धरामेश्वराने. माझ्या मते गुडघ्यांनी, आणि या मुद्द्यावर मी चाचांशी अजून भांडते.