पन्हाळा राहिला बाजूला, चिखलीत बसलो

कोल्हापूरला गेलो ते अंबाबाई आणि पन्हाळा एवढंच डोक्यात ठेवून. दर्शनाच्या रांगेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रविवारी गेलं की ढकलाढकली होणारच. पन्हाळ्याच्या वाटेवर गाड्यांची ही गर्दी! वैतागून मित्र म्हणाला, "चल, आत्याकडं जाऊ, प्रयाग चिखलीला." गाडी वळवली.

संगम बघितला. चांगला आहे, पण माझं लक्ष आत्यांच्या घरातल्या भिंतीकडेच गेलं. सगळं घर नव्यानं रंगवलेलं, फक्त दाराशेजारी वीतभर पट्टा तसाच सोडलेला. त्यावर खिळ्यानं ओढलेल्या पुराच्या पाण्याच्या दोन रेघा, 2019 आणि 2021. दोन्ही माझ्या डोक्याच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पेपरात वाचलेला तो आकडा इथं भिंतीपाशी उभं राहिल्यावर कळतो.

"2005 ला कुठवर आलतं ते बघून त्याच्यावर माळा बांधला," आत्या सांगत होत्या. "2019 ला माळाच बुडाला की रं! थांब, चहा टाकून आलो."

1989 च्या पुरानंतर इथल्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या. पाणी चढायला लागलं की बिऱ्हाड आणि म्हशी तिकडे हलतात. मग कायमचंच तिकडे का जात नाही, हा पुणेरी प्रश्न मी विचारलाच.

"रानं हितं, वैरण हितं. म्हशी काय हवा खाणार? आन् त्या जागंत सासऱ्यांचं भागलं आसतं. आता तिघं भाऊ, त्यांची पोरं."

ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो आधी गल्लीतली जनावरं काढतो, आपलं सामान नंतर. कुणाच्या म्हशी कुणाच्या शेडात बांधायच्या हे पावसाळ्याआधीच ठरलेलं असतं. त्याची कुठं यादी नाही की बैठक नाही. पाणी उतरलं की गाळ वाळायच्या आत काढावा लागतो, एकदा वाळला की कुदळ लागते. म्हणून सगळी गल्ली पैऱ्यानं आज एका घरात, उद्या दुसऱ्या. भिजून कुजलेल्या धान्याचा वास मात्र दिवाळीपर्यंत जात नाही, असं आत्यांच्या जावेनं नाक मुरडून सांगितलं. पंचनाम्याचा विषय निघाल्यावर तर दोघी एकदम बोलायला लागल्या. भिंत पडली तर नुकसान, भिंत सहा महिने ओली राहिली तर काहीच नाही!

मदत आली नव्हती असं नाही. भरभरून आली. पण कपड्यांचे ढीग! त्यात एक भरजरी घागरा होता म्हणे. "चिखलात घागरा घालून काय नाचू?" आत्या हसत होत्या, मला मात्र राग येत होता. माळ्यावरची अडगळ पोत्यात भरायची आणि वर फोटो काढायचा, याला मदत म्हणणं मला तरी जमत नाही. त्यांना हवे होते खराटे, फिनेल, शेगडी, जनावरांना पेंड आणि गाळ धुवायला प्रेशरचा पंप.

म्हणूनच 2025 च्या सप्टेंबरात सीना फुगून मराठवाड्यात, सोलापुरात गावं बुडाली, तेव्हा या गल्लीनं गोळा केलेल्या सामानात एकही साडी नव्हती. पेंडीची पोती, खराटे, काडेपेट्या, मेणबत्त्या, आतले नवे कपडे. "बायकांस्नी काय लागतंय ते आमी न विचारता भरलं," जाऊबाई म्हणाल्या आणि विषय बदलला.

पाहुणचाराबद्दल तक्रार एकच, नको म्हटलेलं ऐकूच येत नाही. चहावर दूध, दुधावर भाकरी आणि पिठलं. मग गाडीत डुलक्या.

शहराकडे येताना नदीच्या बाजूला सखल रानात डंपर मुरूम ओतत होता. प्लॉट पाडायचं काम. महापूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर तावातावानं बोलणारे याच शहरात पुष्कळ भेटतात, या डंपरवर कुणी बोलत नाही. मित्रानं काच खाली करून एक कोल्हापुरी शिवी हासडली. "हितलं पाणी आता कुठं जाणार, सांग की! आत्याच्या माळ्यावरच."