पोटॅशची गोणी आणि अरगॉनचं वजन

आमच्या रावेर भागात पोटॅशियम कुणी म्हणत नाही, पोटॅश म्हणतात. लाल पोटॅश केळीच्या बुडाशी टाकायचा, पांढरा ठिबकमधून सोडायचा. झाड निसवलं, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, की घड भरेपर्यंत त्याचीच ओढ. कमी पडला तर आधी खालची जुनी पानं कडेने पिवळी पडून करपतात, कारण झाड त्यांच्यातला पोटॅश काढून कोवळ्या पानांना आणि घडाला पुरवतं.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गोणीवरचं छापील वाचायची खोड. लाल पोटॅशच्या गोणीवर छापलेले 60 टक्के पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशोबात असतात. आत असतं पोटॅशियम क्लोराइड. निव्वळ पोटॅशियम निम्म्याच्या आसपास. यात लबाडी नाही, मोजायची जुनी रीत आहे. तरी मला दरवेळी खटकते.

निव्वळ धातू 1807 साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वीज सोडून वेगळा केला. सुरीने कापला जातो, रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात पडला की जांभळट ज्वाळेने पेटतो. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तोही देऊन टाकायची घाई. म्हणून आवर्तसारणीत गण 1, सोडियमच्या खाली, अणुअंक 19.

खरी गंमत त्याच्या आधीच्या घरात, 18 नंबरच्या अरगॉनमध्ये आहे. अरगॉनचं अणुवस्तुमान 39.95, पोटॅशियमचं 39.10. वजनाने ओळ लावली तर पेट घेणारा हा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसेल! 1894 मध्ये अरगॉन सापडला तेव्हा हा पेच पडलाच. 1913 मध्ये हेन्री मोझले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या आधारे दाखवलं, की क्रम वजनाचा नाही, केंद्रकावरच्या प्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा आहे. परीक्षेत इतकं लिहिलं की गुण मिळतात.

पण अरगॉन एवढा जड का? तर पोटॅशियममुळेच. दर दहा हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक पोटॅशियम-40 असतो, किरणोत्सारी, अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सव्वाशे कोटी वर्षं. (हो, केळ्यातही असतो. खुशाल खा.) त्यातल्या दर दहांपैकी जवळपास एकाचा अरगॉन-40, म्हणजे अरगॉनचा जड प्रकार, होतो. हवेतला बहुतेक सगळा अरगॉन असाच, खडकांतल्या पोटॅशियममधून आलेला. धाकट्यानेच थोरल्याला जड केलं.

खडकाचं वयही यावरूनच काढतात. लाव्हा पातळ असताना जुना अरगॉन उडून जातो. थिजल्यावर नवा आत साठू लागतो. तो मोजायचा. सातपुडा नि अजिंठ्याच्या डोंगरातला आपला काळा दगड ज्या दख्खनच्या लाव्ह्याचा, त्याचं सुमारे 6.6 कोटी वर्षं हे वय याच घड्याळाच्या सुधारलेल्या पद्धतीने पक्कं झालं.

हे मी तात्यांना बांधावर सांगितलं. ते म्हणाले, "काय भो, डोंगरात एवढा पोटॅश आहे तर मग आपण परदेशचा कशाले घेतो?"

प्रश्न रास्त. या दगडात पोटॅश एक टक्कासुद्धा भरत नाही, आणि आहे तो खनिजांत इतका घट्ट बसलेला, की झिजून मुळांपर्यंत यायला काळ लागतो. केळीला तो घड भरायच्या दोन-चार महिन्यांत हवा. कॅनडा-बेलारूसकडचा पोटॅश आटलेल्या समुद्रांच्या मिठातला, पाण्यात लगेच विरघळणारा.

"मंग आण दोन गोण्या," तात्या म्हणाले. "आन् पक्कं बिल घेजो."