आयएसओच्या भीतीने चेहरे काळे करू नका

व्हिडिओत नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, दिसला की पहिला आळ आयएसओवर (कॅमेऱ्यात सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी सेटिंग) येतो. माझ्याकडे एडिटिंगला येणाऱ्या फुटेजमध्ये हे कायम दिसतं. ८०० च्या वर जायचंच नाही असं ठरवून शूट केलेलं असतं, चेहरे काळवंडलेले असतात आणि सोबत निरोप: ‘एडिटमध्ये जरा उजळ करा.’ उजळ केलं की सावल्यांतून दाणे उसळून वर येतात.

नॉइजचं मूळ अपुऱ्या प्रकाशात आहे. प्रकाश सेन्सरवर फोटॉन-फोटॉनने पडतो, आणि तोही अनियमित. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात साधारण १० चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. आयएसओ वाढवल्याने फोटॉन वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. आलेला सिग्नल तेवढा मोठा होतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: प्रकाश तेवढाच असेल, तर आयएसओ ८०० वर अंधारं शूट करून नंतर दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळ करण्यापेक्षा सरळ ३२०० वर नीट एक्स्पोज करा. ८-बिट फुटेजमध्ये तर हे फारच जाणवतं. एका चॅनेलला जेमतेम २५६ पायऱ्या, त्यातल्या सावल्यांच्या वाट्याला थोड्याच, आणि तिथला तपशील कॉम्प्रेशनने आधीच पुसलेला. उचलायला काही उरलेलंच नसतं.

फोटोत शटर हवं तेवढं मंद करता येतं, व्हिडिओत नाही. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० सेकंद ठेवलं की हालचाल डोळ्यांना पटते. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे १/५० किंवा १/१०० चालतं, १/६० ला पट्टे सरकू शकतात. मग हातात उरतं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक. एफ/४ वरून एफ/२.८ ला आलात की प्रकाश दुप्पट. तेही संपलं की दिवा जवळ आणा. (पिवळ्या बल्बमध्ये निळा प्रकाश फार थोडा असतो, म्हणून सगळ्यात जास्त दाणे निळ्या चॅनेलमध्ये सापडतात.)

लॉगमध्ये (नंतर रंग देण्यासाठी केलेलं फिकं रेकॉर्डिंग) शूट करत असाल तर कॅमेऱ्याचे बेस आयएसओ, म्हणजे ज्यांवर सेन्सर सगळ्यात स्वच्छ चित्र देतो ते आकडे, पाठच करा. सोनीच्या ए७एस ३ वर एस-लॉग३ (सोनीचा लॉग प्रकार) साठी ते ६४० आणि १२८०० आहेत. त्यामुळे १०००० पेक्षा १२८०० वरचं चित्र स्वच्छ येतं. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अजिबात विसंबू नका, ती सगळंच उजळ भासवते. झेब्रा (फार उजळ भागांवर पट्टे दाखवणारी सोय) लावा आणि चेहऱ्यावरचे हायलाइट्स जळणार नाहीत इतपत एक्स्पोजर वर न्या. जळलेला भाग परत येत नाही, तेवढी एकच मर्यादा सांभाळायची.

एवढं करूनही नॉइज राहिलाच तर डीनॉइज (नॉइज काढणं) ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग-उजेड जुळवण्याच्या, आधी करा, आणि हळूच. शेजारच्या फ्रेम्स मिसळून नॉइज काढणारी टेम्पोरल पद्धत स्थिर शॉटवर सुंदर चालते. पण हातवारे करणाऱ्या माणसावर जोर लावलात तर बोटांमागे सावली ओढली जाते.