तेलसंगच्या माळावर, खोकडाच्या मागावर

बेळगावात दोन दिवस वनखात्याच्या परवानगीच्या कागदांत गेले. कुंदा उत्तम मिळाला. तिसऱ्या दिवशी चिकोडीवरून अथणी गाठली. कृष्णा ओलांडेपर्यंत आणि ओलांडल्यावरही बराच वेळ खिडकीबाहेर फक्त ऊस, आणि एसटीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या. अथणीच्या पूर्वेला तेलसंगच्या बाजूला जमीन हळूहळू उघडी होत जाते. मुरूम, कुसळी गवत, मधूनच बोरीचं झुडूप. खोकड, म्हणजे आपल्याकडचा छोटा कोल्हा (इंडियन फॉक्स), राहतं ते इथे. दोन ते चार किलोंचं जनावर, शेपटीचं टोक काळं. खानापूरच्या दाट झाडीत त्याला शोधू नये, त्याला आखूड गवताचा कोरडा माळच लागतो. सोलापूरजवळ नान्नजला खोकडांचा अभ्यास झाला, त्यातही ती गवताळ माळ निवडतात आणि वनीकरणाची झाडी टाळतात असंच दिसलं. कागदोपत्री अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात. हा शब्द वाचला की मला अजूनही राग येतो.

प्रश्न साधा होता. नदी आणि तिच्या काठचा उसाचा पट्टा, यांनी दोन्ही बाजूंची खोकडं एकमेकांपासून तोडली आहेत का? आणि त्यांची संख्या मागे कधी फार खाली गेली होती का? हे खोकडाच्या डीएनएत वाचता येतं, आणि त्यासाठी त्याला पकडावं लागत नाही. विष्ठा पुरते. आतड्याच्या आतल्या थराच्या पेशी तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून आलेल्या असतात.

पहिल्या सकाळी साडेसहाला दोन बांध मिळतात तिथल्या दगडावर एक ताजी, ओलसर विष्ठा दिसली. चकाकी होती, आत बोरांच्या बिया आणि किड्यांचे पंख. मी हातमोजे चढवत होतो तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले.

“काय हुडकालायसा?”

“खोकडाची विष्ठा, मामा.”

त्यांनी वाकून पाहिलं. “हे मोठ्या कोल्ह्याचं (जॅकल) हाय. खोकडाचं एवढं जाड नसतंय. त्येचं करंगळीएवढं.” आणि मला दोन बांध पलीकडे घेऊन गेले. तिथे वारुळाच्या उंचवट्यावर खरंच बारीक, टोकाला निमुळती विष्ठा होती. जाडीवरून अंदाज बांधता येतो, पण खात्री देता येत नाही. मोठ्या खोकडाची आणि लहान कोल्ह्याची जाडी सारखी भरू शकते, आणि मेंढरांमागची कुत्रीही त्याच बांधावर बसतात. म्हणून मी दोन्ही उचलल्या. प्रयोगशाळेत पहिली चाचणी प्राण्याच्या ओळखीचीच असते. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएचा छोटा तुकडा वाचायचा आणि कुत्रा, कोल्हा, खोकड वेगळे काढायचे. ही पायरी गाळली तर कुत्र्यांचा इतिहास खोकडाच्या नावावर छापला जाईल.

उचलण्यात घाई केली की नमुना वाया जातो. पूर्ण विष्ठा कुस्करून नळीत भरू नये. आतला भाग म्हणजे उंदराची हाडं, वाळवी, बोरं; त्यांचा डीएनए आपल्याला नको असतो. लाकडी काडीने बाहेरचा थर दोन-तीन ठिकाणांहून खरवडायचा, प्रत्येक विष्ठेला नवी काडी, नवे मोजे. एक भाग विष्ठा, चार भाग ९५ टक्क्यांचं इथेनॉल. इथेनॉल कमी पडलं तर विष्ठेतलं पाणीच ते पातळ करतं आणि डीएनए तुटत राहतो. फॉर्मॅलिन तर चालतच नाही, ते डीएनए प्रथिनांना बांधून टाकतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण इथेनॉल सांडलं की मार्करची शाई पुसली जाते. एक चिठ्ठी नळीच्या आत, एक बाहेर. पांढरी पडलेली, खडूसारखी विष्ठा मोहात पडून उचलू नये. उन्हाने त्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो. पावसाळ्यात हे काम करूच नये.

आता प्रवासाची अडचण. ज्वलनशील द्रव रेल्वेत न्यायला बंदी आहे, आणि मिरजेहून पुढचा प्रवास रेल्वेचा होता. म्हणून दोन टप्पे करावे लागतात: २४ तास इथेनॉलमध्ये, मग तो थर काढून सिलिका जेलच्या मण्यांवर. निळे मणी गुलाबी झाले की बदलायचे. लॉजच्या खोलीत रात्री दिवे जात होते, गरम पाणी नव्हतं, खालच्या हॉलात लग्नाचा बँड होता. सिलिकाला विजेची गरज नाही, म्हणून नमुने बचावले. फ्रिजच्या भरवशावर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जेवण मात्र कुठेच कमी पडलं नाही. माळावर मामांनी भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली ती नको म्हणवली नाही.

पुढचे तीन दिवस असेच: बांध, वारुळं, दगड.

नमुने हाती आल्यावर खरी कसोटी सुरू होते. इतिहास वाचायला डीएनएतली एकच खूण पुरत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यात नरांच्या भटकंतीचा मागमूस नसतो. त्याने जुनी, हजारो वर्षांची फाळणी कळते. लाल कोल्ह्याच्या (रेड फॉक्स, खोकडाचा भाऊबंद) बाबतीत त्याने मोठी समजूत पालटली: अमेरिकेच्या पूर्व भागातले लाल कोल्हे इंग्रजांनी शिकारीसाठी आणलेल्यांचे वंशज, असं मानलं जाई, मायटोकॉन्ड्रियाच्या खुणांनी ते मुख्यतः तिथल्याच जुन्या वंशाचे ठरले. अलीकडच्या काळासाठी मायक्रोसॅटेलाइट लागतात, म्हणजे दोन-चार अक्षरांची तीच तीच पुनरावृत्ती असलेल्या जागा. त्या झपाट्याने बदलतात. कुत्र्यासाठी शोधलेल्या अनेक जागा खोकडातही चालतात, पण सगळ्या नाहीत, म्हणून आधी ताज्या नमुन्यावर तपासून घ्याव्यात.

विष्ठेचा डीएनए इथेच दगा देतो. समजा, आईकडून १८० आणि बापाकडून १८४ अक्षरं लांबीचा तुकडा आला. डीएनए थोडा असला तर पीसीआरमध्ये, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढताना, कधी एकच वाढतो, आणि प्राणी दोन्हीकडून १८० वाला दिसतो. म्हणून एकेक जागा पुन्हा पुन्हा चालवायची. दोन वेगळे तुकडे निदान दोनदा दिसले तरच मान्य, एकच दिसला तर निदान तीनदा. बोरांतली द्रव्यं आणि पित्तक्षार पीसीआर अडवतात. थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घातलं किंवा डीएनए दसपट पातळ केला की बरेचदा चालू होतं. दर खेपेला एक नळी विष्ठेविना, रिकामी चालवायचीच. तिच्यात काही वाढलं तर ती अख्खी खेप रद्द.

आणि बिळं. मामांनी एक बीळ लांबूनच दाखवलं, चार-पाच तोंडांचं. तिथल्या सगळ्या विष्ठा उचलाव्यात असं वाटतं. उचलल्या तर एकाच घरची आई, बाप, भावंडं मोजणीत येतात, आणि संगणक त्यांना वेगळा समूह ठरवतो. मग नदीने लोकसंख्या तोडली असा खोटा निष्कर्ष निघतो. दर बिळामागे एक-दोनच नमुने ठेवायचे.

नदीचा प्रश्न नीट सोडवायचा तर दोन्ही काठांवरच्या नमुन्यांच्या जोड्यांबरोबर तितक्याच अंतरावरच्या, एकाच काठावरच्या जोड्याही हव्यात. अंतराने डीएनएतला फरक वाढतोच. नदीपलीकडचा फरक त्याहून जास्त निघाला तरच नदीचं नाव घ्यावं. उसाचं आणखी अवघड आहे, तो नदीइतका जुना नाही. खोकडाची एक पिढी दोन-अडीच वर्षांची धरली तर पन्नास वर्षांत वीसेक पिढ्याच होतात. संख्या बऱ्यापैकी असेल तर एवढ्यात खुणा फारशा हलत नाहीत. त्यामुळे ‘फरक नाही’ आलं तरी ‘ऊस निरुपद्रवी’ असं लिहिणं चूक ठरेल. संख्या घटली की आधी एकेका जागेवरच्या तुकड्यांचे दुर्मीळ प्रकार हरवतात, एकूण विविधता मागाहून घटते. या दोन्हींतली तफावत पाहून अलीकडची घट पकडता येते. पण एकाच प्रकारच्या खुणांवर सगळा भरवसा टाकू नये. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावरच्या छोट्या कोल्ह्यांत (आयलंड फॉक्स) मायक्रोसॅटेलाइटमध्ये फरकच सापडला नाही, आणि रोगप्रतिकाराच्या, एमएचसी नावाच्या जनुकांत मात्र विविधता टिकून होती.

परतताना नकाशावर खुणा केल्या. माळावर भरपूर, आणि नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एकही नाही. उभ्या उसात बांध दिसतच नाहीत. तोड झाली की फेब्रुवारीत ते मोकळे होतील, तेव्हा पुन्हा अथणीला यायचं आहे. त्या सुमाराला बिळांत पिल्लं असू शकतात, म्हणून फक्त बांधावरून चालायचं आणि बिळांच्या बाजूला जायचं नाही. मामांनाही तसंच सांगून आलोय, कुत्री तेवढी लांब ठेवा म्हणून.