तुम्ही विचारलंत म्हणून: सवय होते का?

"रोज मृत्यू पाहून तुम्हाला सवय होत असेल ना?" असे आम्हा परिचारिकांना विचारणारे बहुतेक जण उत्तरासाठी थांबत नाहीत, "तुमचे मन घट्टच असणार," असे म्हणून मोकळे होतात. सवय हातांना होते. हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, हे त्यांना सांगावे लागत नाही.

कर्करोगाच्या वॉर्डातील एक आजी पहाटे गेल्या. यापुढे फक्त वेदनाशमन हवे, हे त्यांनी स्वतःच ठरवले होते, त्यामुळे धावपळ झाली नाही. मुलगा फोन करायला बाहेर गेला आणि आम्ही दोघी सिस्टर उरलो. सलाइन काढले, लघवीची नळी काढली, डोळे मिटले, अंग पुसले, केस विंचरले. कूस बदलताना मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "आजी, जरा या अंगावर वळवते हं." सहकारी क्षणभर थांबली, मग तीही त्यांच्याशी बोलू लागली. मुलाने परत येऊन विचारले, "शेवटी काही बोलली का?" त्या झोपेतच होत्या, हे मी सांगितले. माझ्या रडण्याने त्यालाच मला सावरावे लागले असते, म्हणून मी रडले नाही. खाट पुसून होते न होते तोच नवा रुग्ण आला आणि वेदनेच्या इंजेक्शनला उशीर झाला म्हणून माझ्यावर चिडला. त्याची तक्रार रास्त होती.

समाज ज्याला दुःख मानतच नाही, अशा दुःखाची मांडणी शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. आमचे दुःख त्यातलेच आहे: नाते नाही, म्हणून शोकाचा हक्क नाही.

दुःख वॉर्डाच्या दाराशी ठेवून घरी जावे, असे मी पूर्वी नव्या मुलींना सांगत असे. आता तसे सांगवत नाही; पण त्याच सल्ल्याच्या आधाराने मी कित्येक रात्रपाळ्या निभावल्या, हेही खरे आहे. अमेरिकेतील परिचारक जोनाथन बार्टल्स यांनी रुजवलेली, मृत्यूनंतर सर्वांनी खाटेपाशी काही क्षण स्तब्ध उभे राहण्याची पद्धत आम्हीही करून पाहिली. सहकारीला तिचा आधार वाटला. मला मात्र त्या शांततेत शेजारच्या खाटेचे राहिलेले औषधच आठवत राहिले. कामात बुडणे म्हणजे पळणे की सावरणे, याबाबत माझे स्वतःशीच एकमत होत नाही.

पुन्हा विचारायचेच असेल, तर त्या आजी कशा होत्या, हे विचारा. ते मला अजून कोणी विचारलेले नाही.