'सिरानो' वाचताना संदर्भ अडले तर

'सिरानो द बर्जराक' वाचायला घेतलं की पहिल्या अंकातच बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि मग मला हमखास प्रश्न येतो: यातले ग्रीक, रोमन, फ्रेंच संदर्भ माहीत नसतील तर नाटक कळेल का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कळेल. एदमों रोस्तांचं हे नाटक १८९७ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं. त्यातला काळ मात्र १६४० पासूनचा. सुरुवातीला नटांची, कवींची, सरदारांची नावं धडाधड कानावर पडतात. तो त्या काळच्या नाट्यगृहातला गलबला आहे. खुशाल सोडून द्या. सिरानोच्या तोंडी एखादं नाव आलं की मात्र थांबायचं. भल्यामोठ्या नाकाचा हा शूर कवी आपल्या नात्यातल्या बहिणीवर, रोक्सानवर, जीव टाकतो, पण तिला ते सांगू शकत नाही. जे स्वतःच्या नावाने बोलायची हिंमत नाही, ते तो दंतकथांच्या आडून बोलतो.

नाकावरचं ते प्रसिद्ध भाषण बघा. शेवटी तो पिरामसची नक्कल करतो. तेओफिल द व्योच्या जुन्या शोकांतिकेत धन्याच्या रक्ताने माखलेला खंजीर शरमेने लाल होतो. सिरानो खंजिराच्या जागी आपलं नाक बसवतो. सगळे हसतात. पण पिरामस आणि थिस्बी म्हणजे भिंतीच्या फटीतून कुजबुजणारे, एकमेकांना धड भेटूही न शकलेले प्रेमिक. तिसऱ्या अंकात सिरानो अंधारात रोक्सानच्या सज्जाखाली उभा राहून क्रिस्तियाँच्या, म्हणजे ती भाळलेल्या देखण्या पण शब्दांत कच्च्या तरुणाच्या, नावाने प्रेम व्यक्त करतो, तेव्हा तो विनोद मला वेगळाच ऐकू येतो.

मित्रापाशी मन मोकळं करताना तो विचारतो: माझं क्लिओपात्रावर प्रेम आहे, पण मी सीझरसारखा दिसतो का? बेरेनीसवर आहे, पण मी टायटससारखा दिसतो का? रोमच्या सम्राटपदासाठी टायटसने आपल्या प्रेयसीला, राणी बेरेनीसला, दूर केलं. प्रेमात पडलेल्या माणसाला विरहाचीच जोडी आठवावी, यातच त्याने आपला निकाल लावून टाकलाय.

माझ्या मते सगळ्यात जीवघेणा संदर्भ चौथ्या अंकात येतो आणि तो सिरानोच्या तोंडी नाहीच. आरास शहराचा वेढा चालू आहे, सिरानो आणि क्रिस्तियाँ दोघेही तिथे लढताहेत, सैन्याची उपासमार होतेय आणि रोक्सान शत्रूच्या फळीतून बग्गीत बसून थेट छावणीत येऊन थडकते. का आलीस, असं क्रिस्तियाँ विचारतो. तुझ्या पत्रांमुळे, ती म्हणते. ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या युलिसिसने अशी पत्रं लिहिली असती तर त्याची शहाणी बायको पेनेलोपी घरात भरतकाम करत बसली नसती. लोकरीचे गुंडे भिरकावून, प्रियकरासोबत पळून गेलेल्या हेलनसारखी वेडी होऊन त्याच्याकडे धावली असती. किती सुंदर स्तुती! पण पत्रं लिहिली सिरानोने, आणि ऐकतोय क्रिस्तियाँ. आता तू कुरूप असतास तरी माझं प्रेम राहिलं असतं, असंही ती पुढे बोलून जाते. तिचं प्रेम नेमकं कुणावर आहे, हे त्या देखण्या पोराला तिथे उमगतं आणि थोड्याच वेळात तो गोळीला सामोरा जातो. पेनेलोपीची वीस वर्षांची वाट पाहणं ठाऊक असेल तर हा प्रसंग दुप्पट लागतो. आणि पुढे रोक्सानही मठात क्रिस्तियाँसाठी शोक करत पंधरा वर्षं काढते, भरतकाम हातात घेऊन.

शेवटच्या अंकातली एकच गोष्ट सांगते. फ्रेंच विनोदी नाटककार मोलिएरने सिरानोचा अख्खा प्रसंग आपल्या 'स्कापँ' या नाटकात उचलला, अशी बातमी मरणोन्मुख सिरानोला कळते. हे कालगणनेत बसत नाही: खरा सिरानो १६५५ मध्ये वारला आणि ते नाटक आलं १६७१ ला. पण उचलेगिरी खरी आहे. 'त्या गलबतावर कशाला तडमडला होता' हा प्रसंग खऱ्या सिरानोच्या प्रहसनातलाच. रोस्तांने ते नाटक सोळा वर्षं मागे ओढलं हे बरोबरच केलं असं मला वाटतं, कारण त्यामुळे सिरानोला एका दमात म्हणता येतं की मोलिएर प्रतिभावान आहे आणि क्रिस्तियाँ देखणा होता.

तेव्हा आधी टिपांशिवाय एकदा सलग वाचून काढा. मग पिरामस, बेरेनीस, पेनेलोपी आणि स्कापँ, एवढ्या चौघांची माहिती करून घ्या आणि चौथा अंक पुन्हा उघडा.