हर्णैच्या कुंड्या दापोलीत

बिऱ्हाड हर्णैहून दापोलीला हलवलं, त्याच टेम्पोत कुंड्याही वर आल्या. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, तालुका तोच. पण हर्णै समुद्राला चिकटून आणि दापोली पठारावर. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, म्हणून किनाऱ्यावर रात्रीही हवा उबदार असते. दापोलीत थंडीच्या दिवसांत दुपारी तिशीला टेकलेला पारा पहाटे दहा-बारावर येतो. उगाच नाही तिला मिनी महाबळेश्वर म्हणत.

पहिला दणका बसला खिडकीतल्या ॲग्लोनिमाला, म्हणजे घरात ठेवायच्या शोभेच्या पानांच्या झाडाला. काचेला लागून असलेल्या पानांवर तेल सांडल्यासारखे करडे, काळपट डाग. बोट फिरवलं तर पान तिथे मऊ लागायचं. खोलीच्या बाजूची पानं मात्र धडधाकट. रोग असता तर तो खिडकीचीच बाजू धरून बसला नसता, शिवाय डाग पसरतही नव्हते. किमान-कमाल दाखवणारा छोटा थर्मामीटर आणून रात्री खिडकीत ठेवला, मग माजघरात. पहाटेचं किमान खिडकीत १२, माजघरात १८. घर तेच, जांभ्याच्या भिंती त्याच.

ॲग्लोनिमा मूळचं उष्ण, दमट जंगलांतलं. थंडी फार झाली की त्याच्या पेशींची आवरणं बिघडतात, आतलं पाणी बाहेर झिरपतं. डाग होतात ते त्यामुळे. दुपारच्या उन्हानं रात्रीची भरपाई होत नाही. तसा दिवस-रात्रीत थोडा फरक झाडांना मानवतो. रात्र जरा गार असली की श्वसन मंदावतं आणि दिवसा तयार झालेली साखर वाढीसाठी शिल्लक राहते. हर्णैला पावसाळ्यात हा फरक चार-पाच अंशांवर यायचा, वर उजेड कमी. मनी प्लांटच्या वेली नुसत्या लांबायच्या आणि पानं बारीक. दापोलीतल्या हिवाळ्यात तोच मनी प्लांट जागच्या जागी थांबला, पण डाग एकही नाही. स्नेक प्लांटला तर काही फरकच पडला नाही.

ॲग्लोनिमा माजघरात आणलं. तिथे उजेड कमी, पण थंडीपुरतं चालतं. टाकीचं गार पाणी सकाळी थेट घालणं बंद केलं. बादलीत भरून घरात ठेवलेलं पाणी दुपारी घालते, तेही मातीत बोट घालून वरचा थर कोरडा लागला तरच. गारठ्यात मुळं पाणी ओढत नाहीत, ओली माती तशीच राहिली की कुजतात. खतही थांबवलं.

शेजारच्या काकूंकडे या थंडीचं गाऱ्हाणं नेण्यात अर्थ नव्हता. "पडू दे गो, कलमांना मोहोर तरी धरेल!" हापूसवाल्यांचं बरोबरच आहे.

डागाळलेली पानं काही सुधारली नाहीत, ती कापली. होळीच्या सुमारास मधून नवं पान सुटलं, तेव्हा कुंडी पुन्हा खिडकीजवळ सरकवली, काचेपासून हातभर आत.